श्रीमंतांचा पियानो आणि शीळफाट्याची हवा

मराठी वाचकाच्या मनात पियानो श्रीमंतीशी जोडला गेला तो मैफलींपेक्षा हिंदी चित्रपटांमुळे. ‘अंदाज’ (१९४९) मध्ये दिलीपकुमार आणि ‘संगम’ (१९६४) मध्ये राज कपूर ज्या पियानोपुढे बसून गातात, तो त्या बड्या दिवाणखान्यांचाच एक भाग असतो. त्याचे सूर कोण लावतो हे कथेत कधी येत नाही, आणि वाद्याची देखभाल करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने मालकीचा खरा प्रश्न तोच असतो.

ग्रँड, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोत ८८ पट्ट्यांसाठी सुमारे २३० तारा असतात, कारण मधल्या आणि वरच्या बहुतेक स्वरांना प्रत्येकी तीन तारा लागतात. या सर्वांचा मिळून साधारण वीस टनांचा ताण ओतीव लोखंडी चौकट पेलते. आवाज मात्र घुमवतो तो स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा, किंचित फुगीर असा पातळ तक्ता, ज्याला ध्वनिफलक म्हणता येईल. दमट हवेत तो फुगला की तारा ताणल्या जाऊन सूर चढतो, कोरड्या हवेत आकसला की उतरतो. वसाहतकाळात युरोपीय कारखाने उष्ण देशांसाठी सागवानी पेटीचे, पितळी स्क्रूंचे पियानो मुद्दाम बनवत, ते याच भीतीने.

मुंब्रा-पनवेल आणि कल्याणकडचा रस्ता जिथे मिळतात त्या शीळफाट्याच्या परिसरात आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि तिथल्या एखाद्या प्रशस्त घरात असे वाद्य आले तर पावसाळ्यातील दमटपणापेक्षाही त्याला अधिक छळतो तो रात्री चालू आणि दिवसा बंद राहणारा एसी, कारण लाकूड एकसारखा ओलावा बरेचसे सोसते, पण रोजचे हेलकावे सोसत नाही. स्टाइनवेचा मैफलीसाठीचा २७४ सेंटीमीटर लांबीचा, सुमारे ४८० किलो वजनाचा ग्रँड घेण्याचा मोह धनिकांना होतो. तो मोठ्या सभागृहासाठी घडवलेला असल्याने दिवाणखान्यात त्याचा नाद कोंडतो, हे विक्रेते क्वचितच सांगतात. याच कंपनीने २०१५ मध्ये आपोआप वाजणारा स्पिरिओ बाजारात आणला, म्हणजे मालकाने वाजवण्याची अटही उरली नाही. (निदान हातोड्या हलत्या राहतात, एवढे श्रेय त्याला द्यावे.) न वाजणाऱ्या पियानोच्या लोकरी नमद्याला कसर लागते, उंदीर आत घरटे करतात, आणि वरची चकाकी शाबूत असल्याने मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मुंबईतील अनेक पारशी आणि गोवेकर ख्रिस्ती घरांतले साधे उभे पियानो पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण मुले त्यांवर रोज धडे गिरवत आणि ट्यूनर नेमाने येत असे. म्हणून खरेदी करणाऱ्याने नाममुद्रेआधी खोलीची हवा, वर्षातून दोनदा तरी येणारा ट्यूनर आणि वाजवणारी बोटे यांचा विचार करावा; घरात कोणीच वाजवत नसेल, तर ते वाद्य एखाद्या संगीतशाळेला द्यावे.