ईश्वरी मार्गदर्शन

"गुरुजी, देवाची इच्छा ओळखावी कशी?" असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात, परीक्षा जवळ आली म्हणजे अंमळ अधिकच! अशा वेळीं आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होते. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींतील एका सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. बाप्तिस्मा मात्र झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, मुंबईस. लक्ष्मीबाईंस तर ती वाट तेव्हां दिसलीच नव्हती. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. तें दुःख त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत सांगितलें आहे.

विद्यार्थिदशेंत ही हकीकत वाचतांना आमचें लक्ष टिळकांकडेच असे. लक्ष्मीबाईंकडे पाहण्यास आम्हांस आमच्या मातोश्रींनीं शिकविलें.

पदवी मिळाली तेव्हां शहरांत चांगल्या पगाराची नोकरी चालून आली होती, आणि एका खेड्यांतील शाळेस शिक्षक हवा होता. आम्हीं रात्रभर प्रार्थना केली. खूण अशी कांहीं मिळाली नाहीं. फक्त तीं मुलें डोळ्यांपुढून हलेनात. आम्ही खेड्यांत गेलों. मातोश्री विधवा, त्या पगारावर त्यांनीं आमच्या बहिणीच्या लग्नाची आशा ठेविली होती. "देवानें तुला सांगितलें, मग मला कां नाहीं सांगितलें?" असें त्यांनीं विचारलें. उत्तर आम्हांस सुचलें नाहीं, आणि आजही सुचत नाहीं.

वर्षभर आमच्या पत्रांस उत्तर आलें नाहीं. पुढल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं त्या पिठाचा डबा घेऊन मोटारींतून उतरल्या व म्हणाल्या, "तुझी शाळा कुठें आहे, ती दाखव आधीं."