आश्रय ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!

बाबासाहेबांच्या आठवणींचे पुस्तक 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण सगळ्यांनी वाचले आहे. 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळेना. खोटे पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावले. आपल्याच देशात आसरा शोधणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही.

मग ट्रान्सजेंडर व्यक्तीला घराबाहेर काढले की 'तो आपला प्रश्न नाही' असे आपल्यातले काही कार्यकर्ते कोणत्या तोंडाने म्हणतात?

छळाची रास्त भीती असलेला माणूस दुसऱ्या देशात आश्रय मागू शकतो, असे 1951 चा निर्वासित करार सांगतो. पण गावातून रात्री एसटी धरून निघालेल्याने कोणत्या देशाकडे अर्ज करायचा? त्याच्या हातात एकच करार आहे, तो म्हणजे भारताचे संविधान.

आमचा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. इथे 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचलही जोडीलाच मिळते. जो या जोडीत बसत नाही, त्याला गाव तर नाहीच, पण फडही नाही.

तरीही बीडमध्येच एक माणूस पळून न जाता उभा राहिला. माजलगाव तालुक्यातले ललित साळवे महिला शिपाई म्हणून पोलीस दलात होते. 2017 मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली. उच्च न्यायालयाने त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितले. अखेर मे 2018 मध्ये सरकारने परवानगी दिली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्यांची नोकरी टिकली. 2020 मध्ये लग्न झाले, 2024 मध्ये ते बाप झाले. नवे आयुष्य उभे करायला त्यांना ना देश सोडावा लागला, ना खाते.

आम्हाला या लढ्याचा अभिमान आहे. पण एका शिपायाच्या रजेचा प्रश्न थेट सरकारच्या दारापर्यंत का जावा? ज्याला वर्दी नाही, पगार नाही, वकील नाही, त्याने काय करायचे? नालसा निकाल 15 एप्रिल 2014 चा. तरी पोलीस भरतीच्या अर्जात ट्रान्सजेंडर पर्यायासाठी डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयालाच सरकारला बजावावे लागले. निकाल कागदावर राहिला की हक्काची मेहेरबानी होते.

म्हणून साथींनो, केवळ सहानुभूतीची पोस्ट टाकून भागणार नाही. घराबाहेर पडलेल्याला चार दिवस विहारात राहू द्या. भाड्याची खोली मिळवून द्यायला सोबत जा. जिल्हाधिकारी कार्यालयात ओळखपत्राच्या अर्जासाठी त्याच्या शेजारी उभे राहा. बडोद्यात बाबासाहेबांनी ज्या दोन मित्रांकडे आसरा मागितला, त्या दोघांनीही सबबी सांगितल्या. आपण सबब सांगणारे मित्र व्हायचे नाही.

जय भीम!