ना बोट, ना बर्फ

मुलांनो, कॅनडाच्या उत्तरेला डॉसन नावाचं गाव आहे. तिथे युकॉन नदीवर पूलच नाही! उन्हाळ्यात ‘जॉर्ज ब्लॅक’ ही फेरीबोट माणसं आणि मोटारी पलीकडे नेते. नदीत बर्फ वाहू लागला, की बोट काठावर ओढून ठेवतात. मग नदी गोठून तिचाच रस्ता होईपर्यंत थांबायचं. पैलतीरावरच्यांनी किराणा आधीच भरून ठेवायचा.

“बाई, मध्येच कुणी आजारी पडलं तर?” माझ्या वर्गातल्या एकीने लगेच विचारलं. खरंच, हे मधले आठवडेच अवघड! २०१६-१७च्या हिवाळ्यात तर गावासमोर नदी पुरती गोठलीच नाही. पुढच्या हिवाळ्यात सरकारने पाणी फवारून बर्फाचा पूल बांधायला घेतला. तोही पुरा झाला नाही. मग लोकांनी जाड बर्फ शोधत, लांबून वळसा घालून स्वतःच वाट पाडली.