शिकागोची लोहचुंबक शाळा

अमेरिकेत शिकागो शहराच्या पश्चिम भागात व्हिटनी यंग मॅग्नेट हायस्कूल ही सरकारी शाळा आहे. १९६८ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत इथल्या इमारती जळाल्या. त्याच जागेवर १९७५ साली शाळा सुरू झाली. नाव दिले कृष्णवर्णीयांच्या रोजगारासाठी झटलेल्या व्हिटनी यंग यांचे.

मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक. काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्या. चांगल्या शिक्षणाच्या ओढीने सर्व वस्त्यांतील मुले एका बाकावर यावीत, हा हेतू. प्रवेश गुणवत्तेवर, पण २०१० पासून बहुतेक जागा देताना मुलाच्या वस्तीची आर्थिक स्थितीही पाहतात.

मिशेल ओबामा इथल्याच. वडील शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात कामगार. शाळेला जाऊन-येऊन तीन तास लागत. १९८१ साली त्या इथून प्रिन्स्टन विद्यापीठात गेल्या.

खेळातही शाळा मागे नाही. मुलांच्या बास्केटबॉल संघाने १९९८, २००९, २०१४ आणि २०१७ साली राज्य अजिंक्यपद जिंकले. दहा विषयांच्या ‘ॲकॅडेमिक डेकॅथलॉन’ स्पर्धेतही शाळेने राज्यात अनेकदा बाजी मारली. या स्पर्धेचा नियम आम्हाला फार आवडला : संघात नुसती हुशार मुले चालत नाहीत, मध्यम आणि कमी गुणांचीही घ्यावी लागतात.

सरकारी शाळा म्हणजे दुय्यम, हा समज इथे खोटा ठरतो. मात्र जागा मोजक्याच. ज्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांच्या वस्तीतली शाळाही इतकीच चांगली हवी, असे आम्हाला वाटते. तीन तासांचा प्रवास प्रत्येक लेकराला झेपत नाही.