तस्त आणि रस्ता

तस्त म्हणजे पिकदाणी, हे आता नातवंडांना समजावून सांगावे लागते. पांढुर्णा-सौंसरकडील जुन्या मराठी घरांत, बैठकीवर लोड-तक्क्यांशेजारी, पितळी तस्त ठेवलेले असे. पाहुण्यापुढे पानाचे तबक आले की मागोमाग तेही सरकवले जाई. विडा देणे हा आदर आणि पिंक तस्तातच टाकणे ही रीत. थुंकण्यात कमीपणा नव्हता. तो अस्थानी थुंकण्यात होता.

पुढे बैठका गेल्या, खुर्च्या आल्या आणि तस्त गावंढळ ठरून माळ्यावर गेले. सवय मात्र रस्त्यावर आली. विड्याची जागा गुटख्याने आणि खर्र्याने घेतली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेने आपल्याला विदर्भापासून वेगळे केले खरे, पण नागपूरच्या खर्र्याने ती सीमा कधीच मानली नाही. मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. त्याच वर्षी रेल्वेने स्थानकात घाण करणाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत दंडाचा नियम केला. तरीही भिंती रंगतच राहिल्या आणि जिन्याच्या कोपऱ्यांत राखणीला देवादिकांच्या चित्रांच्या फरश्या बसवाव्या लागल्या.

२०२० च्या महामारीत केंद्र सरकारने सार्वजनिक जागी थुंकणे दंडनीय ठरवले, तेव्हा लोक थुंकणाऱ्याकडे रोखून पाहू लागले. पुढे भीती ओसरली. ती नजर मात्र पुरती ओसरली नाही. आज गाडीची काच खाली करणाऱ्या आजोबांना नातच अडवते.

मग जुनी रीतच बरी होती, असे म्हणावेसे वाटते. पण तेव्हा आजीचे हात आठवतात. सर्वांची जेवणे आटोपल्यावर ती परसात बसून, नाकाला पदर लावून, राखेने नि चिंचेने ते तस्त घासत असे. बैठकीतल्या सभ्यतेचा सारा भार तिच्यावर होता. पान खाणाऱ्यांपैकी कोणी तस्त उचलून परसात नेल्याचे मला आठवत नाही. आज तेच काम पहाटे सफाई कामगार करतात. जागा बदलली, हात बदलले; थुंकणाऱ्याने आपली पिंक अजून स्वतः पुसलेली नाही.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. झाडणाऱ्याच्या जागी उभे राहून त्यांनी गाव पाहिले. दंडाचा धाक आणि पाहणाऱ्याची किळस इथवर आपण आलो आहोत. झाडणाऱ्याची आठवण होऊन तोंड आवरणे, हे अजून व्हायचे आहे.