पल्याडच्या वाडीत

मागच्या वीकेंडला रिलीज नव्हतं (चमत्कारच!), म्हणून आम्ही तिघं डब्लिनहून गाडी काढून थेट अचिल बेटावर गेलो. तिथे स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी एक ओसाड गाव आहे. दगडी घरं, छपरं नाहीत. सगळेजण घरांचे फोटो काढत होते. माझं लक्ष मात्र उतारावर... गवताखाली ओळीने रेघाच रेघा. वरंबे! फावड्याने माती उलटून, समुद्रातलं शेवाळ खत म्हणून घालून बटाटा लावायचे, त्याचे. शेतकऱ्याच्या नातवाला वरंबा ओळखायला गाईड लागत नाही.

१८४५ साली इथल्या बटाट्यावर करपा आला. आपल्याकडे टोमॅटोवर येतो ना, तोच उशिरा येणारा करपा. धान्य जमीनदाराच्या खंडात जायचं, पोटाला फक्त बटाटा. गडीमाणूस दिवसाला पाच-सहा किलो खायचा! पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. आणि बंदरातून धान्य बाहेर जातच होतं. असो, हे कुठेही वाचायला मिळेल.

परत आल्यावर मी रात्रभर वाचत बसलो ते वेगळंच. शंभर वर्षांनी, १९४५ मध्ये, इथल्या लोकसाहित्य आयोगाने गावोगावच्या म्हाताऱ्यांना दुष्काळाबद्दल प्रश्न विचारले. लोकांनी काय काय सांगितलंय! रानमोहरीचा पाला, अंगाची आग करणारा खाजरा पाला, खडकाला चिकटलेले शिंपले. गाईची शीर कापून थोडं रक्त काढायचं, पिठात कालवून शिजवायचं, गाय जगवायची. बटाट्याचे डोळे कापून बियाण्याला ठेवायचे, उरलेला खायचा. सरकारने अमेरिकेतून मका आणला, तो नीट दळायची, शिजवायची कुणाला सवय नाही, पोटं बिघडली. पंतप्रधान पीलच्या नावाने लोक त्याला 'पीलचं गंधक' म्हणायचे.

पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बरेचजण सांगतात, आमच्या गावात एवढं नव्हतं हो, शेजारच्या गावात फार वाईट होतं. त्या शेजारच्या गावातला म्हातारा पुन्हा तिसऱ्याच गावाकडे बोट दाखवणार.

इथे मी लॅपटॉप बंद केला. कारण हे वाक्य मी ऐकलेलं होतं. १९७२ च्या दुष्काळाबद्दल आजीला विचारलं की ती म्हणते, "आमच्याकडं न्हवतं बाबा तसलं काय. पल्याडच्या वाडीत लई हाल झालं." बाबा सांगतात, आजी रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी पदरात बांधून आणायची, पोरांना द्यायची. आणि घरात अमेरिकेचा लाल मिलो.

आजी हल्ली विसरायला लागलीय. नावं चुकतात. म्हणून रविवारी मुद्दाम फोन केला, रेकॉर्डिंग चालू ठेवून.

"आजी, मिलोची भाकरी कशी लागायची गं?"

बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं लाईन गेली.

मग म्हणाली, "तू जेवलास का?"