नाणेघाटातली ओसरी

जुन्नरहून पश्चिमेला निघालं की माणिकडोह धरणाचं पाणी बराच वेळ रस्त्याला सोबत करतं. ही कुकडी नदी. तिच्या उगमाजवळ, पूर गावात, कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे. पण ओढ घाटाची होती, म्हणून तिथं फार रेंगाळलो नाही. घाटघरात एका घरी पिठलं-भाकरी सांगितली. "लेण्यात जाऊन बसा घडीभर, तवर करते," मावशी म्हणाल्या.

पठाराच्या टोकाला दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. फोटोंची सगळी गर्दी त्याच्याभोवतीच. नळीतून थोडं कोकणाच्या अंगाला उतरलं की लेणं लागतं. आत पूजेला देव नाही, स्तूप नाही. भिंतींना लागून कोरलेले ओटे, बाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी. कल्याण-सोपाऱ्याहून माल घेऊन आलेला तांडा चढण संपताना इथंच टेकत असणार. दोन हजार वर्षांपूर्वीची उतारशाळाच ही.

भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आधी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन. मग यज्ञांची यादी, त्यात अश्वमेध दोन. आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळं आकड्यांनिशी. अभ्यासकांना त्यातल्या अंकचिन्हांचं मोल मोठं. मला मात्र ओट्यावर टेकल्यावर राणीच्या हुशारीचं कौतुक वाटलं. पाय भरून आलेला व्यापारी समोरच्या भिंतीकडं नाही तर कुठं बघणार? एखादा वाचणार, बाकीचे ऐकणार आणि सातवाहनांचा दानधर्म मालाबरोबर पैठणपर्यंत पोचणार. राजघराण्याच्या जाहिरातीला याहून चांगली जागा सापडली नसती!

मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि कुमारांच्या प्रतिमा होत्या. आज वर नावं उरलीत आणि खाली काहींची पावलं. मधली माणसं गेली. तिथं मी सर्वांत जास्त वेळ उभा होतो.

तेवढ्यात वैशाखऱ्याहून चढून आलेली कॉलेजची पोरं धापा टाकत आत शिरली. पाठपिशव्या फेकल्या, चिवडा काढला, दोघं तर ओट्यावर सरळ आडवे झाले. भिंतीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. चिवडा संपल्यावर त्यांतल्या एकानं पडल्यापडल्याच विचारलं, "काका, हे काय लिहिलंय हो?"

मी गायी-हत्तींपासून सुरुवात केली.